पुलाच्या तोंडाशी

मांजरीच्या त्या गृहप्रकल्पात माझा विषय निघाला की काही जण अजून नाक मुरडतात. "ती पुलावर उड्या मारणारी बाई" अशी माझी तिथली ओळख आहे. मुरडू देत. नाक मुरडायला माणूस जिवंत असावा लागतो, आणि ती सगळी जिवंत आहेत, एवढं मला पुरे आहे.

मी इंजिनियर आहे. कोथरूडमधल्या एका लहानशा कार्यालयात इमारतींची डिझाइनं करण्यात माझी निम्मी हयात गेली. कॉलम, बीम, पाण्याच्या टाक्या आणि पार्किंग. पार्किंगच जास्त, कारण या शहरात माणसांपेक्षा गाड्यांच्या राहण्याची काळजी मोठी. पण कॉलेजात असल्यापासून माझा जीव अडकला तो झुलत्या पुलांमध्ये. बाकी बांधकामं एकमेकांवर भार टाकून, दाबून, रेटून उभी असतात. झुलता पूल ओढून धरलेला असतो. दोन काठांना दोन टॉवर, त्यांच्या डोक्यावरून गेलेले दोन जाड केबल, केबलना उभे टांगलेले हँगर आणि त्या हँगरना लटकलेला रस्ता. लोक टॉवरचे फोटो काढतात. खरा जीव असतो तो केबलची टोकं जिथे जमिनीत गाडलेली असतात त्या काँक्रीटच्या ठोकळ्यांत. त्यांचा फोटो कुणी काढत नाही. ते बिचारे नुसते धरून बसतात.

माझ्या मुलीने लहानपणी एकदा गॅलरीतली कपड्यांची दोरी हौसेने बांधली. अशी ताणून बांधली, की पट्टीने रेघ मारावी. मी म्हटलं, झोळ ठेव जरा. ऐकते कशाला! पहिली ओली चादर टाकली आणि खिळा भिंतीच्या गिलाव्यासकट खाली. मग तिला समजावलं, की दोरी जितकी सरळ ताणशील तितकी ती खिळ्यांना जास्त ओढते. झोळ दिला की तीच दोरी तीच चादर सुखाने पेलते. एवढी एक गोष्ट कळली, की मोठ्यातल्या मोठ्या पुलाच्या केबलला तो देखणा बाक का असतो ते कळलं. तो शोभेसाठी नसतो.

आमच्या घरात जेवताना टीव्ही नसायचा, पूल असायचे. डोंगराळ मुलुखात गवत वळून केलेल्या दोरांचे पूल असत, ते दर वर्षी गावाने मिळून नवे बांधायचे, इथून मी सुरुवात करायचे. मग लोखंडी साखळ्या आल्या. साखळीची एक कडी तुटली की खेळ खलास. म्हणून मग तारा आल्या. पेन्सिलीपेक्षा बारीक तारा, हजारोंनी, एक चाक या काठावरून त्या काठावर नेऊन आणून शेजारी शेजारी घातलेल्या आणि मग आवळून एक केबल केलेला. चार तारा तुटल्या तरी बाकीच्या धरून ठेवतात.

मुलीची आवडती गोष्ट एका बाईची होती. एका अवाढव्य पुलाचं काम चालू असताना तिचा नवरा, म्हणजे मुख्य इंजिनियर, नदीच्या तळाखालच्या कामात आजारी पडला आणि अंथरुणाला खिळला. बाईने गणित शिकून घेतलं, केबल शिकून घेतले आणि वर्षानुवर्षं त्याच्या खोलीतून कामाच्या जागेपर्यंत तीच जात राहिली. पूल झाल्यावर गाडीतून तो पहिल्यांदा ओलांडला तिनेच. मांडीवर कोंबडा घेऊन, असं सांगतात. कोंबडा का, हे मुलगी दर वेळी विचारायची, आणि मी दर वेळी सांगायचे, की बाईची मर्जी.

आणि दोन गोष्टी भीतीच्या होत्या. एक पूल सडपातळ, सुंदर दिसावा म्हणून इतका बारीक केला, की साध्या वाऱ्यात तो ओलं धोतर पिळावं तसा पिळवटला आणि उघडला त्याच वर्षी पाण्यात गेला. दुसरी गोष्ट सैनिकांची. एक पलटण कदमताल करत झुलत्या पुलावरून निघाली. पावलांच्या ठेक्यावर पूल वरखाली व्हायला लागला. सैनिकांना गंमत वाटली. ते शीळ घालून त्या तालात आणखी जोरात पाय आपटायला लागले. टोकाशी साखळी धरून ठेवणारा बोल्ट तुटला आणि माणसं पाण्यात. तेव्हापासून पलटणींना हुकूम असतो, की पुलावर ताल मोडायचा, प्रत्येकाने आपापल्या चालीने जायचं. परदेशातल्या एका जुन्या पुलावर तशी पाटी अजून आहे. तिचा फोटो पाहिला तेव्हा मला ते गाव एकदम आपलंसं वाटलं.

मुलगी मोठी झाली, हडपसरला आयटीत लागली, आणि "आई, पूल पुरे" म्हणायला लागली. तिला दुसरं वेड लागलं होतं. ढोल. पावसाळ्यात रोज संध्याकाळी नदीपात्रात पथकाचा सराव, बोटांना पट्ट्या, खांद्यांना बाम. चार-पाच वर्षांत ती पथकाची वादनप्रमुख झाली. शिट्टी तिच्या तोंडात. तिची शिट्टी वाजली की ढोल सुरू, तिचा हात वर गेला की सगळे गप्प. त्या आवाजाने माझं डोकं धरायचं, पण तिला रांगेपुढे पाहिलं की अभिमान वाटायचा. खोटं कशाला बोलू.

त्याच सुमारास माझं नशीब फळफळलं. मांजरीला उसाच्या शेतांना लागून एक मोठा गृहप्रकल्प होत होता. मधून एक रुंद, खोल ओढा. बिल्डरसाहेबांना अलीकडच्या आणि पलीकडच्या इमारती जोडायला पायी जाण्याचा झुलता पूल हवा होता. जगातल्या पुलांपुढे तो चिमुकलाच, पण आमच्या कार्यालयाच्या मानाने अवाढव्य. सरांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, काम माझ्यापुढे टाकलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तो पूल लेकरासारखा वाढवला.

त्या डिझाइनमध्ये वरच्या केबलइतकेच महत्त्वाचे होते खालचे दोर. डेकच्या, म्हणजे आपण चालतो त्या फळ्यांच्या, खालून निघून दोन्ही बाजूंना काठाकडे तिरके ताणलेले, मंडपाला ताण देतात तसे. वरचे केबल पूल पेलतात, खालचे त्याला आवरून धरतात. ते नसले तर पूल लगेच पडतो असं नाही. दहा-वीस माणसं आपल्या चालीने गेली-आली तर काही होणार नाही, हे मीच सगळ्यांना सांगितलं होतं. लोकांना उगाच घाबरवणं हा माझा धंदा नाही. पण माणसं तालात चालली, तर त्या पुलाला धरणारं कुणी नाही.

बांधकाम उरकत आलं आणि बिल्डरसाहेब म्हणाले, "मॅडम, ते खालचे दोर सध्या राहू द्या. ड्रोनच्या शूटमध्ये फार घाण दिसतात. दसऱ्याला उद्घाटन करू, मग लावू निवांत."

मी नाही म्हटलं. सरांनी हो म्हटलं. कार्यालय सरांचं.

मी निदान एवढं कबूल करून घेतलं, की दोर लागेपर्यंत पुलावर गर्दी करायची नाही. तोंडी कबुली. बिल्डरची. माझं डोकं फिरलं होतं, दुसरं काय!

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात मी पोळ्या करत असताना मुलगी नाचतच घरात आली. "आई, गेस कर, दसऱ्याची सुपारी कुठली मिळालीये!"

"कुठली?"

"तुझ्या पुलाची! ओपनिंग आमचं पथक करणार. या गेटातून वाजवत निघायचं, पूल क्रॉस करून थेट पलीकडच्या गेटात. पुढे ध्वज, मग ताशे, मागे सगळे ढोल. लोक पुलावरच दोन्ही कठड्यांना उभे राहून फुलं टाकणार. कसलं भारी ना? तुझा पूल, माझं पथक!"

पोळी तव्यावर करपली. मला वास आला, पण हात हलेना. पथक म्हणजे तरी काय? पलटणच. कमरेला ढोल बांधलेली, एका ठेक्यावर पाय टाकायचं महिनोन् महिने शिकलेली पलटण. आणि तिच्या पुढे शिट्टी घेऊन माझी पोर.

मी गॅस बंद केला आणि सांगितलं, "पुलावर वाजवायचं नाही."

"म्हणजे?"

खालच्या दोरांचं सांगितलं. सैनिकांचं पुन्हा सांगितलं. तिने डोळे फिरवले. "आई, ती स्टोरी मी पाचवीपासून ऐकतेय. आणि पूल तूच डिझाइन केलायस ना? मग तुझाच तुझ्यावर विश्वास नाही?"

"मी डिझाइन केलेला पूल अजून बांधून झालेला नाही. उभा आहे तो अर्धवट आहे."

"पथकाला काय सांगू? माझी आई घाबरली? सगळ्यांनी नवे फेटे घेतलेत." आणि दार आपटून आत. त्यानंतर आमचं बोलणं "जेवलीस का" आणि "हो" एवढ्यावर आलं.

मी सरांना घेऊन बिल्डरच्या ऑफिसात गेले. साहेब हसले. "अहो मॅडम, झुलता पूल हलणारच. नाही हलला तर लोक म्हणतील, फसवलं. आणि ढोलांनी बांधकामं पडत असती तर लक्ष्मी रोडवर एक दुकान शिल्लक राहिलं नसतं."

"लक्ष्मी रोड जमिनीवर आहे साहेब. दोरीला टांगलेला नाही."

सर टेबलाखालून माझ्या पायावर पाय देत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "तुम्ही दसऱ्याला घरी आराम करा. मी बघतो." ते काय बघणार होते ते मला पक्कं ठाऊक होतं. फेटा बांधून फोटोत कुठे उभं राहायचं, ते.

दसऱ्याला मी सकाळीच खणाची साडी नेसले, बसने हडपसर गाठलं आणि तिथून रिक्षाने मांजरी. पूल पाहिला. इतका सुंदर दिसत होता! केबलवर झेंडूच्या माळा, टॉवरला आंब्याची तोरणं, डेकच्या लाकडी फळ्यांवर रांगोळी. आणि खाली, जिथे दोर असायला हवे होते, तिथे नुसती हवा. अलीकडच्या तोंडाशी पथक रांगा लावून उभं होतं. मुलगी पुढे, कमरेला ढोल, हातात टिपरू, ओठांत शिट्टी. तिने मला पाहिलं आणि मान फिरवली.

मी गेले आणि पुलाच्या तोंडाशी मधोमध उभी राहिले. खांद्याला पर्स. हातात काही नाही.

"आई, प्लीज बाजूला हो," ती जवळ येऊन दातांमधून म्हणाली. "सगळे बघतायत."

"बघू देत."

"मला लाज वाटतेय तुझी."

"वाटू दे. लाज वाटून कुणी मरत नाही."

बिल्डरसाहेब आले. "मॅडम, शुभ दिवस आहे, तमाशा नको." सर आले. "चला, बाजूला या. उद्या ऑफिसात बोलू. नोकरीचा तरी विचार करा." इतके दिवस मी विचारच करत होते. डोकं असं सणकलं! "नोकरी ठेवा तुमच्यापाशी," मी म्हटलं, "गरजू माणूस भेटला की द्या त्याला. या पुलात काय कमी आहे ते आत्ता दाखवते. माझ्यामागे कुणी यायचं नाही."

चपला काढल्या, पर्स त्यांच्यावर ठेवली, पदर खोचला आणि पुलावर गेले. मधोमध नाही गेले. हा पूल मध्यापेक्षा पाव अंतरावर जास्त उसळतो, टोकापासून मध्यापर्यंतच्या वाटेत निम्म्यावर. हे गणित मी केलं होतं, म्हणून ती जागा मला माहीत. एकट्या माझ्या वजनाने काही तुटणार नाही, हेही मलाच माहीत. तिथे उभी राहिले आणि उड्या मारायला लागले.

हो, उड्या. पन्नाशी उलटलेली, गुडघ्यांची तक्रार असलेली बाई, खणाच्या साडीत, दोरीवरच्या उड्या मारणाऱ्या पोरीसारखी. काठावर हशा पिकला. मोबाइल वर झाले. "काकू, एकदम कडक!" कुणीतरी ओरडलं. पहिल्या काही उड्यांना पूल ढिम्म. मग पायाखाली तो किंचित मागे सरल्यासारखा वाटला, आणि मी त्याची लय पकडली. तो खाली जाताना मी खाली, तो वर येताना मी वर. एकदा लय सापडली, की ताकद लागत नाही. पूलच तुम्हाला उचलतो.

माळा हलायला लागल्या. आधी माझ्याजवळच्या, मग थेट पलीकडच्या टोकाच्या. हँगरचे क्लॅम्प टकटक करायला लागले. डेकवरून लाट गेली, अलीकडचा भाग खाली तर पलीकडचा वर. हसणं थांबलं. मांजरीच्या फुलवाल्या मावशी होत्या काठावर, त्यांचा आवाज स्वच्छ ऐकू आला. "आगं बया, आख्खा पूल हालतोय की! एकटी तर बाई हाय!"

मला काय वाटत होतं ते सांगते. स्वतःच्या लेकराचं व्यंग चव्हाट्यावर मांडावं तसं वाटत होतं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो पूल माझ्याच पायांनी मी बदनाम करत होते. रडू येत होतं आणि थांबायचं नव्हतं.

उड्या मारता मारता मुलीकडे नजर गेली. ती हसत नव्हती. तिचं टिपरू ढोलाच्या कातड्यावर टेकलेलं होतं आणि आवाज न करता माझ्या प्रत्येक उडीबरोबर हलत होतं. ती ताल मोजत होती. मग ते टिपरू थांबलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. शेजारच्या ताशेवाल्याला तिने काय सांगितलं ते मला नंतर कळलं. "अरे, हा तर आपला मिरवणुकीचा ठेका आहे."

मी थांबले. पूल थांबला नाही.

तो आपला वर, खाली, वर, खाली. धरायला कुणीच नव्हतं ना. मी कठडा धरून खालीच बसले. क्लॅम्प अजून टकटक करत होते. आणि बिल्डरसाहेब काय म्हणावेत? "बघा, पडला का? नाही ना पडला? चला, पथक, सुरू करा! मुहूर्त टळतोय!"

सगळ्यांचे डोळे मुलीकडे. शिट्टी तिच्याकडे होती. तिने ती ओठांतून काढली. कमरेची दोरी सोडली आणि ढोल जमिनीवर ठेवला. त्यांच्या पथकात मिरवणूक पुरी होईपर्यंत ढोल खाली टेकवत नाहीत, खांदे निखळले तरी. तिने तो टेकवला आणि पुलावर आली.

कशी आली ते मी पाहिलं. एक पाऊल लांब टाकलं, दोन आखूड, मध्येच थांबली, मग तिरकं. इतकी वर्षं एका ठेक्यावर पाय टाकायला शिकलेली पोर मुद्दाम वेडीवाकडी, अडखळत, ताल मोडून चालत होती. डोळे फिरवून, जांभया देऊन, "पुरे आई" म्हणून ऐकलेली एकूण एक गोष्ट तिने ऐकली होती. मला हुंदका आवरला नाही.

तिने काखेत हात घालून मला उठवलं. दोघी तशाच आडव्यातिडव्या चालत काठावर आलो. बिल्डरसाहेब वाट पाहत होते. "मॅडम, तुम्ही माझा पूल बदनाम केलात."

"तुमची जमीन आहे," मी म्हटलं. "पूल माझा आहे. पुरा बांधा, मग मिरवा."

सर म्हणाले, "उद्यापासून येऊ नका." मी म्हटलं, "आजच सोडलीय, तुमच्या लक्षात नाही आलं."

तोवर साहेबांची माणसं रहिवाशांना "या, या, फुलं घेऊन पुलावर या" म्हणून बोलवायला लागली होती, आणि काही जण, बायकामुलांसकट, खरंच पुढे सरकत होते. मी पुन्हा पुलाच्या तोंडाकडे निघाले. मुलीने माझा दंड धरला. मला ओढत नेऊन तिच्या ढोलाशेजारी खुर्चीवर बसवलं.

"तू बस, आई," ती म्हणाली. "आता मी उभी राहते."

आणि ती गेली आणि मी उभी होते तिथे, पुलाच्या तोंडाशी, हाताची घडी घालून उभी राहिली. ताशेवाल्याने ताशा उतरवला आणि तिच्या डावीकडे उभा राहिला. मग ध्वजवाला. मग एकेक ढोल जमिनीवर टेकत गेला आणि नव्या फेट्यांची ती सगळी पलटण या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत खांद्याला खांदा लावून उभी राहिली. साहेब ओरडले, विनवून झालं, मुहूर्त टळला. कुणी हललं नाही.

त्या दिवशी त्या पुलावरून कुणीही गेलं नाही.